सरावपत्रिकेवर पर्याय का छापलेले नाहीत?

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेतल्या व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेच्या विभागासाठी आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना

नवी बॅच सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात निरोप येऊ लागतात : 'पत्रिकेत पर्याय छापायचे राहिलेत, पूर्ण प्रत पाठवा.' पत्रिका पूर्णच आहे. टेक्स्ट कम्प्लीशन (वाक्यातल्या रिकाम्या जागा भरणं) आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स (एकाच जागेसाठी सारखा अर्थ देणारे दोन शब्द निवडणं) यांच्या पहिल्या तीन आठवड्यांच्या पत्रिका आम्ही जाणूनबुजून पर्यायांशिवाय देतो. रिकाम्या जागेत तुमचा स्वतःचा शब्द लिहायचा आणि वाक्यातल्या ज्या शब्दांवरून तो सुचला त्यांच्याखाली रेघ ओढायची, एवढंच काम आहे. पर्यायांची पत्रिका त्यानंतर मिळते. हे दर बॅचला नव्यानं सांगावं लागतं, म्हणून यावेळी लिहूनच देत आहोत.

परीक्षेची रचना तुम्हाला माहीत असेलच, तरी आकडे समोर असू द्या. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झाली. आता व्हर्बलचे दोन सेक्शन असतात : पहिल्यात १२ प्रश्न आणि १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २३ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट. पहिला सेक्शन कसा जातो त्यावर दुसरा किती कठीण येणार हे ठरतं. गुण १३० ते १७० च्या पट्टीवर मिळतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्नांपैकी जवळपास निम्मे उताऱ्यांवरचे, बाकीचे रिकाम्या जागांचे.

आता मूळ मुद्दा. वेळ आणि गुण सगळ्यात जास्त वाया जातात ते एकाच सवयीमुळे : वाक्य अर्धवट वाचायचं, लगेच पर्यायांकडे वळायचं, आणि एकेक शब्द जागेत बसवून 'कानाला बरा वाटतो का' ते बघायचं. शाळेपासून आपण हेच करत आलो आहोत, त्यामुळे यात काही चुकतंय असं वाटतही नाही. पण या परीक्षेतले चुकीचे पर्याय अशाच वाचकासाठी रचलेले असतात. ते विषयाशी जुळतात, कानाला गोड लागतात, फक्त वाक्याच्या तर्कात बसत नाहीत.

हे मराठी वाक्यावर करून बघा :

'प्राध्यापकांचं लेखन ______ म्हणून ओळखलं जाई; तरीही या पत्रात त्यांनी एका साध्या गोष्टीसाठी चार पानं खर्ची घातली आहेत.'

पर्याय असे समजा : विद्वत्तापूर्ण, परखड, आटोपशीर, अलंकारिक, रटाळ. पर्याय आधी पाहिलेत तर 'विद्वत्तापूर्ण'वर नजर अडकते, कारण प्राध्यापक म्हटलं की विद्वत्ता आलीच. पर्याय झाकून वाचलंत तर मात्र दोन गोष्टी नजरेत भरतात : 'तरीही' आणि 'साध्या गोष्टीसाठी चार पानं'. पत्र लांबलेलं आहे आणि ते नेहमीच्या उलट आहे. म्हणजे नेहमीचं लेखन थोडक्यातलं. 'थोडक्यात' हा तुमचा शब्द झाला. आता पर्याय उघडा, 'आटोपशीर' समोर येतो, बाकीच्या चौघांशी झटापट करावी लागत नाही.

त्याच वाक्यात 'तरीही'च्या जागी 'आणि' घाला, 'या पत्रात'चं 'या पत्रातही' करा. तुमचा शब्द पालटून 'पाल्हाळिक' होतो. एकही अवघड शब्द बदललेला नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्याला आधी 'तरीही', 'कारण', 'इतकंच नव्हे तर', 'एरवी' यांच्या इंग्रजी भावंडांची ओळख करून देतो : ऑल्बीट, नॉटविथस्टँडिंग, इनडीड, फार फ्रॉम. अर्धविराम आणि अपूर्णविराम यांनाही तितकाच मान द्या. अपूर्णविरामानंतरचा भाग बहुतेक वेळा आधीच्या भागाची फोड करून सांगत असतो आणि उत्तर तिथेच पडलेलं असतं.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये हीच सवय आणखी महाग पडते. तिथे सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा, आणि दोन्ही बरोबर आले तरच गुण. 'चला, समानार्थी जोडी शोधूया' हा शॉर्टकट बाहेर सर्रास शिकवला जातो. पण हे बघा :

'इतक्या वर्षांच्या भांडणानंतर दोघांची भेट ______ झाली. कुणी आवाज चढवला नाही, जुने विषय कुणी उकरून काढले नाहीत.'

पर्याय : अचानक, अनपेक्षितपणे, सलोख्यानं, शांतपणे, उशिरा, कडवटपणे. जोडी शोधणारा सरळ 'अचानक' आणि 'अनपेक्षितपणे' उचलतो. जोडी पक्की आहे, पण वाक्याशी तिचा संबंध नाही. उत्तर आहे 'सलोख्यानं' आणि 'शांतपणे', आणि हे दोन शब्द कोशात समानार्थी म्हणून सापडायचे नाहीत. परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था स्वतःच्या मार्गदर्शनातही हेच सांगते : निव्वळ समान अर्थाची जोडी शोधू नका, आणि रिकामी जागा आधी स्वतःच्या शब्दानं भरून बघा. आमची पद्धत आम्ही हवेतून आणलेली नाही.

दोन किंवा तीन जागा असलेल्या प्रश्नांबद्दल एवढंच सांगतो की, पहिली जागा आधी भरलीच पाहिजे असं नाही. 'तिची स्तुती (१) ______ होती : प्रत्येक चांगल्या शब्दामागे एखादी (२) ______ जोडलेली होती.' इथे पहिल्या जागेशी झगडत बसू नका. काहीतरी मागे जोडलंय आणि त्यानं चांगल्या शब्दाचं वजन कमी होतंय, तेव्हा दुसऱ्या जागी 'अट' किंवा 'तक्रार'. मग पहिली आपोआप सुटते : 'हातचं राखून केलेली'. सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण मिळतात, अर्ध्या उत्तराला काही नाही. म्हणून जी जागा पक्की आहे तिच्यापासून सुरुवात करायची.

यावरून सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येतो : 'सर, शब्द किती पाठ करायचे?'

ही धास्ती जुन्या परीक्षेतून आली आहे. ऑगस्ट २०११ पर्यंत व्हर्बलमध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न असायचे, तेही वाक्याच्या आधाराशिवाय. शब्द माहीत नसला की तिथे प्रश्नच संपायचा, आणि त्या काळी यादी घोकण्यात तथ्य होतं. ते दोन्ही प्रकार तेव्हाच गेले. आता प्रत्येक शब्द वाक्यात येतो. यादी मात्र पिढ्यानपिढ्या पुढे सरकत राहिली आहे. आम्हीही सुरुवातीची काही वर्षं जाडजूड यादी देत होतो, हे कबूल करायला हवं. पुढे लक्षात आलं की यादी तोंडपाठ असलेली मुलंही वाक्यात चुकतात, आणि चुकतात ती ओळखीच्या शब्दांवर.

मराठी शिकणारा कुणी परदेशी 'हात म्हणजे शरीराचा अवयव' असं कार्डावर लिहून पाठ करतोय असं समजा. मग त्याला 'हात राखून खर्च केला', 'त्याचा यात हात आहे', 'गाणं म्हणजे तिच्या हातचा मळ' ही वाक्यं वाचायला द्या. यादीप्रमाणे त्याला 'हात' येतो, तरी तिन्ही वाक्यं त्याच्या हातून निसटतात. आपलं इंग्रजीत नेमकं हेच होतं. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं हे सगळ्यांना पाठ, पण 'क्वालिफाइड प्रेझ' म्हणजे वर पाहिलेली हातचं राखून केलेली स्तुती. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि दुसऱ्या वाक्यात निर्बंध. 'चेक' म्हणजे रोखून धरणं, 'इकॉनॉमी' म्हणजे काटकसर, 'अरेस्टिंग' म्हणजे नजर खिळवणारं. यादी करताना असे शब्द 'येतात की' म्हणून वगळले जातात. परीक्षेत घात तेच करतात.

दुसरी गोष्ट शब्दाच्या रंगाची. काटकसरी, कंजूष आणि कवडीचुंबक यांतला फरक आपल्याला कुणी शिकवला नाही, तो माणसांच्या तोंडून ऐकून समजला. 'फ्रूगल' हे कौतुकाकडे झुकतं, 'पार्सिमोनियस' माणसाबद्दल असेल तर टीका होते. तोच 'पार्सिमोनियस' शास्त्रीय सिद्धांताबद्दल आला तर चक्क प्रशंसा, कारण कमीत कमी गृहीतकांवर उभा असलेला सिद्धांत. एवढं सगळं कार्डाच्या मागच्या बाजूच्या एका शब्दात मावत नाही.

तर शब्द आम्ही शिकवतो, भरपूर शिकवतो, पण पत्रिकेतल्या वाक्यांतून. वहीत प्रत्येक शब्दासोबत तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवायचं आणि शेजारी अधिक की उणे ही खूण करायची. दिवसाला दहा-बारा शब्द असे लिहिलेत तरी ते टिकतात. यादी वापरायचीच असेल तर उजळणीपुरती वापरा, आमची हरकत नाही.

पालकांकडून येणारी एक शंका इथेच घेतो : 'परीक्षा इंग्रजीची, आणि पाल्य पत्रिकेवर मराठीत का लिहितोय?' कारण आम्हीच सांगितलंय. ज्या भाषेत शब्द आधी सुचतो त्या भाषेत लिहा. 'आटोपशीर' मनात आला की 'टेर्स', 'लॅकॉनिक', 'सक्सिंक्ट' यांपैकी कुणीही पर्यायात असलं तरी ओळखू येतं. इंग्रजीतच शब्द सुचला पाहिजे या हट्टापायी मुलं मिनिटभर अडून राहतात आणि शेवटी पर्यायांकडे पळतात. काही आठवड्यांनी इंग्रजी शब्द आपसूक येऊ लागतात, आणि नाही आले तरी मराठी शब्दानं काम भागतं. पडद्यावर तुम्ही निवडलेलं उत्तर मोजलं जातं, मनात कोणत्या भाषेत विचार केलात ते नाही.

उताऱ्यांसाठी वेगळी पत्रिका मिळते, पण शिस्त तीच : उतारा वाचून झाला की लेखक काय सिद्ध करू पाहतोय ते एका ओळीत लिहा, प्रश्न वाचून उत्तर स्वतः द्या, मग पर्याय. इंजिनिअरिंग आणि विज्ञान शाखेच्या मुलांना एक विशेष सूचना. उतारा तुमच्या विषयातला निघाला तर जास्त जपून वाचा. उत्तर उताऱ्यात काय लिहिलंय त्यावरून द्यायचं असतं. तुम्ही अभ्यासक्रमात जे शिकलात ते खरं असलं तरी उताऱ्यात नसेल तर तो पर्याय चूक. तीन पर्यायांपैकी लागू असतील ते सगळे निवडा अशा प्रश्नांत प्रत्येक पर्याय स्वतंत्र प्रश्न समजून तपासा. तिथे एक, दोन किंवा तिन्हीही बरोबर असू शकतात.

'पण एवढं करायला परीक्षेत वेळ कुठे असतो?' ही तक्रार पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक जण करतो आणि तेव्हा ती खरीही असते. सुरुवातीला एका वाक्याला दोन-तीन मिनिटं लागतात. आम्ही त्या काळात घड्याळ लावायला मनाई करतो ती याचसाठी. हात बसला की रिकाम्या जागेचा साधा प्रश्न मिनिटाच्या आत सुटतो आणि उरलेली सेकंदं लांब उताऱ्याच्या कामी येतात. पर्याय एकेक करून बसवून बघण्याला यापेक्षा नेहमीच जास्त वेळ लागतो, फक्त तो धावपळीत जाणवत नाही. सेक्शनमध्ये प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं आणि परत येता येतं, तेव्हा अडलेल्या जागेपाशी थांबून राहू नका.

मॉक टेस्टबद्दल : ईटीएसच्या पॉवरप्रेप या ऑनलाइन सरावसंचात दोन पूर्ण चाचण्या मोफत मिळतात. खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळच्या त्याच, म्हणून आमच्याकडे येण्याआधी उत्सुकतेपोटी त्या संपवून टाकू नका. एक चौथ्या आठवड्यात आमच्यासोबत द्यायची, दुसरी परीक्षेच्या थोडी आधी.

आता पत्रिका पाठवण्याबद्दल, कारण आमचा वेळ इथेच सर्वांत जास्त जातो. काही जण बाहेरून पर्याय मिळवतात आणि 'पहिलं सी, दुसरं ए आणि ई' एवढंच पाठवतात. अशी पत्रिका आम्ही न तपासता परत करतो. यात राग नसतो. 'सी' एवढ्यावरून तुम्ही 'तरीही' पाहिलंत की नाही हे आम्हाला कळू शकत नाही, आणि चुकलं कुठे ते सांगताही येत नाही. उलट तुमचा शब्द चुकीचा असेल पण रेघ योग्य जागी असेल, तर दोन ओळींच्या शेऱ्यात काम होतं. मागच्या एका बॅचमध्ये एका विद्यार्थिनीनं सलग सात वाक्यांत बरोबर उलट अर्थाचे शब्द लिहिले होते. रेघा पाहिल्यावर लगेच समजलं की 'फार फ्रॉम'चा अर्थ 'तसं मुळीच नसून' असा न घेता ती 'दूर अंतरावरून' असा घेत होती. शब्दसाठा तिचा वर्गात सर्वांत मोठा होता. नुसती अक्षरं आली असती तर आम्ही तिला आणखी एक यादी दिली असती.

प्रत्येक पत्रिका शिकवणारी व्यक्तीच वाचते, म्हणून बॅच आम्ही लहान ठेवतो आणि ती भरली की पुढच्या बॅचची वाट पाहायला सांगतो. अजून प्रवेश घेतला नसेल तरी पहिली पत्रिका मागवून सोडवा, ती आम्ही कुणाचीही तपासून देतो.

पाठवताना वाक्य, तुमचा शब्द आणि रेघ हे तिन्ही एकाच फोटोत स्पष्ट दिसू द्या. खोडलेला शब्द पुसून टाकू नका, त्यावर एक आडवी रेघ मारा आणि पुढे नवा लिहा. आधी काय सुचलं होतं तेही आम्हाला वाचायचं असतं.