एडिसन आणि मेटचन: कोण कुणाच्या पोटात?

न्यू जर्सीत घर शोधणारी मंडळी ‘एडिसन’ आणि ‘मेटचन’ ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. नकाशा पाहिला की घोळ कळतो. मेदुवड्याच्या भोकासारखं मेटचन मधोमध, सभोवती सगळं एडिसन. तरी मेटचन एडिसनचा भाग नाही: महापौर वेगळा, शाळा वेगळ्या, घरपट्टीही वेगळी.

एडिसन ही टाउनशिप, मेटचन हा बरो. इथली टाउनशिप म्हणजे बिल्डरने उभारलेली वसाहत नव्हे. न्यू जर्सीत टाउनशिप ही नगरपालिकेसारखी पूर्ण स्वराज्य संस्था, आणि बरो हा पालिकेचा दुसरा प्रकारसुद्धा तसाच. बरो टाउनशिपच्या हाताखाली नसतो.

पण मेटचन बाहेर आलं ते एडिसनमधूनच. १८७० मध्ये शेजारच्या वुडब्रिज आणि पिस्कॅटवे टाउनशिपचे तुकडे काढून रॅरिटन टाउनशिप, म्हणजे आजचं एडिसन, झाली. मेटचन हे तिच्यातलं रेल्वेकाठचं गाव. दाट वस्तीला पाणी, दिवे, फरसबंदी हवी असते; शेतकऱ्याला त्यासाठी कर भरायचा नसतो. त्यात १८९४ च्या शाळा कायद्याने प्रत्येक टाउनशिपचा एकच शाळा-जिल्हा, म्हणजे शाळांच्या कारभाराचा विभाग, केला आणि बरोंना मात्र स्वतःचा ठेवता येऊ लागला. राज्यभर बरो फुटून निघाले. मेटचन १९०० मध्ये वेगळं झालं, १९०५ मध्ये हायलँड पार्क.

टाउनशिपकडे उरली मोकळी जमीन, आणि माझ्या मते पुढची वाढ तिनेच घडवली. १९४८ मध्ये फोर्डचा कारखाना आला. तो होता टाउनशिपच्या हद्दीत, नाव मात्र ‘मेटचन असेंब्ली’! १९५० ची १६,३४८ लोकसंख्या १९६० मध्ये ४४,७९९ झाली. मधेच, १९५४ मध्ये, रॅरिटनचं नाव बदलून एडिसन झालं, कारण थॉमस एडिसनचा १८७९ चा विजेचा दिवा ज्या प्रयोगशाळेत पेटला ते मेन्लो पार्क याच हद्दीतलं. २०२० मध्ये एडिसन १,०७,५८८ आणि मेटचन १५,०४९. पण चालत फिरावं अशी जुनी बाजारपेठ मेटचनच्या मेन स्ट्रीटवर. एडिसनला एकच असं गावठाण नाही.

घर घेताना टपालाच्या पत्त्यावर विसंबू नका. टपालाची हद्द आणि पालिकेची हद्द जुळतेच असं नाही. ओक ट्री रोडच्या देशी बाजारालाही लोक सरसकट एडिसन म्हणतात, पण त्याचा इझलिनकडचा भाग वुडब्रिज टाउनशिपचा. घरपट्टीच्या बिलावर पालिकेचं नाव आणि जमिनीचे ब्लॉक व लॉट क्रमांक असतात, ते पाहा. ‘मेटचन स्टेशनजवळ’ अशी जाहिरात असलेलं घर एडिसनमध्ये निघू शकतं, आणि मग मुलं एडिसनच्या शाळेत जातात.