दहा मीटरवरचा नेम आणि बेताच्या किमतीची एअर रायफल

खानदेशात गहू-हरभरा घरात आला की मळ्यातल्या निंबाखाली पुठ्ठा टांगून हौसेने नेमबाजी करणारी मंडळी दिसू लागतात. त्यांपैकी कोणी नवी एअर रायफल घ्यायला निघाले की दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: छर्रा किती वेगाने जातो? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. अभिनव बिंद्रा यांनी 2008 मध्ये बीजिंगला ज्या प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्या 10 मीटर एअर रायफल प्रकारात सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सुटतो. म्हणजे त्याची ऊर्जा जेमतेम 7 ते 8 ज्यूल भरते. तिथल्या लक्ष्याचा व्यास 45.5 मिलिमीटर असतो आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. एवढ्या बारीक कामाला एवढा वेग पुरतो.

पुरतो, कारण नेमाला वेगापेक्षा वेगातले सातत्य हवे असते. 170 मीटर वेगाचा छर्रा 10 मीटर अंतर कापेपर्यंत नळीच्या रेषेपासून सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. ही घसरण दर वेळी तेवढीच असेल, तर साइट, म्हणजे नेम धरायची खूण, थोडी वर-खाली करून ती कायमची भरून काढता येते. पण पुढचा छर्रा 160 मीटर वेगाने सुटला तर तो 19 मिलिमीटरांहून थोडा अधिक खाली येतो. हा दोन मिलिमीटरांचा फरक कोणतीही साइट भरून काढू शकत नाही, आणि लक्ष्यावरची वर्तुळे एकमेकांपासून अडीच मिलिमीटरांवरच असतात. खोक्यावर छापलेल्या मोठ्या वेगाचे पैसे मोजण्याऐवजी हे सातत्य कुठून येते ते पाहावे.

बेताच्या किमतीत बहुतेकांच्या हाती येते ती स्प्रिंगची रायफल. चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्या सिलिंडरमधली हवा क्षणात दाबतो आणि ती तापलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. दट्ट्या पुढे जाताना रायफल मागे सरकते आणि दट्ट्या टोकाशी थांबताना ती पुढे झटका खाते. हे सारे छर्रा नळीतून पुरता बाहेर पडण्याच्या आत घडते. म्हणून अशी रायफल आवळून धरू नये. पुढचा हात खुला ठेवावा, तळव्यावर तिला नुसती टेकवावी आणि दर वेळी ती त्याच जागी टेकवावी. आधीच दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत हा दुहेरी झटका नसतो, पण तिची किंमत आणि हवा भरण्याच्या पंपाचा खर्च हौशी माणसाला जड जातो. स्प्रिंगच्या रायफलीत घरातले शिलाई मशीनचे तेल ओतण्याची चूक मात्र करू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते तेल पेटते, धूर निघतो, आवाज मोठा होतो आणि वेगातले सातत्य संपते.

नळी बिजागरीशी खाली दुमडून छर्रा भरण्याची रायफल असेल तर नळी बंद करून बिजागरीशी हाताने हलवून पाहावी. तिथे किंचितही खेळ जाणवला तर ती परत ठेवावी, कारण अशा अनेक रायफलींत साइटचा मागचा भाग सिलिंडरवर आणि माशी, म्हणजे साइटचा पुढचा भाग, नळीच्या टोकावर असते. या दोन्हींत 40 सेंटिमीटर अंतर धरले आणि माशी अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी 10 मीटरवर नेम साडेबारा मिलिमीटर चुकतो, म्हणजे पाच वर्तुळे हुकतात. दुर्बीण बसवणार असाल तर ती 10 मीटरवर स्पष्ट करता येते का, एवढे विचारून घ्या. अनेक स्वस्त दुर्बिणी नव्वदेक मीटरसाठी जुळवलेल्या असतात आणि जवळच्या लक्ष्यावर डोळा जरा हलला की त्यांतली फुलीही सरकलेली दिसते.

बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 4.5 मिलिमीटरचाच घ्यावा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्याहून मोठ्या बोअरला किंवा 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेला परवाना लागतो, आणि पुठ्ठ्यावरच्या नेमाला त्यातले काहीच लागत नाही. पुठ्ठ्यामागे वाळूची भरलेली पेटी ठेवावी, उघडी भिंत किंवा दगड नको, कारण छर्रा उलटून येऊ शकतो. पाखरांवर रोखण्याचा विचार तर मनातही आणू नये.

छर्ऱ्यांकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. शिशाचा छर्रा भिंगाखाली धरला तर त्याची मधली कंबर बारीक आणि मागचा घेर पातळ दिसतो. हा घेर हवेच्या दाबाने फुगून नळीतल्या आट्यांना, म्हणजे पिळदार खाचांना, घट्ट बसतो आणि छर्ऱ्याला फिरकी मिळते. डबी खिशात खडखडत नेली की हाच घेर चेपतो, आणि चेपलेला छर्रा वाकडा जातो. सपाट डोक्याचे छर्रे पुठ्ठ्याला स्वच्छ गोल भोके पाडतात, त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते. एकाच रायफलीला एका डबीतले छर्रे रुचतात आणि दुसऱ्या डबीतले विखुरतात. म्हणून तीन-चार प्रकारच्या छोट्या डब्या आणाव्यात, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून प्रत्येकीचे दहा-दहा छर्रे वेगळ्या पुठ्ठ्यांवर मारावेत आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर पट्टीने मोजावे. भोकांचा घोळका मध्यावर नसला तरी चालतो, तो घट्ट असावा. मध्यावर आणण्याचे काम साइटचा स्क्रू करतो. नंतर साबणाने हात धुवावेत, कारण शिसे पोटात जाता कामा नये.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर गेला की पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या रायफलीतले वंगण पातळ होते आणि हिवाळ्यात जुळवलेला नेम थोडा सरकू शकतो. म्हणून माझ्या प्रत्येक पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तारीख, छर्ऱ्याची डबी आणि त्या दिवसाचे तापमान लिहिलेले असते.