चौथ्या पाण्यानेही जात नाही ते

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या आमच्या घरी आजी निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले छोटे मासे, साफ करायला बसली की आधी राख चोळून त्यांची बुळबुळ काढायची, मग चार पाण्यांतून धुवायची. चौथं पाणी नितळ आलं की मासळी चुलीवर. चिखलापुरता तिचा हिशोब बरोबर होता. पण शिसं, पारा, कॅडमियम हे विषारी धातू मासळीच्या मांसात आणि भाजीच्या पानाच्या आत मुरतात, तिथवर धुण्याचं पाणी पोचत नाही.

हे धातू आमच्या ठाणे खाडीत आले कसे, ते साल लावून पाहिलं की जीव कळवळतो. १९६२ साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं आणि त्याच दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगरापर्यंत, रसायनं, रंग, औषधांचे कारखाने उभे राहू लागले. पश्चिमेला ऐरोली, तळवली, घणसोली, कोपरखैरणे, त्यांची खाजणं आणि पलीकडे खाडी. उतार सगळा खाडीकडे. डोंगराकडून येणारे नाले कारखान्यांजवळून निघून गावांच्या कडेनं खाली उतरायचे. पाणी प्रदूषणाचा राज्याचा कायदा आला १९६९ साली, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली आणि देशाचा कायदा १९७४ साली. कारखाने आधी, विचारणारा नंतर.

धोका तोवर जगाला ठाऊक नव्हता असंही नाही. जपानमध्ये मिनामाताच्या कोळीवस्तीतला आजार १९५६ सालीच नोंदला गेला होता. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून माणसांच्या मज्जासंस्थेत शिरला होता. जपानमध्येच जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं, मूत्रपिंडं बिघडली, हाडं इतकी ठिसूळ झाली की लोकांनी आजाराला नाव दिलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. दोन्ही आजारांचं कारण तिथल्या सरकारनं १९६८ साली मान्य केलं. आपली खाडी तेव्हा हे सांडपाणी नुकतंच घेऊ लागली होती. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला तो १९८१ साली.

मैला कुजतो, धातू कुजत नाही. भरतीच्या पाण्यात तो मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो. गाळात हवा नसते, तिथले जीवाणू पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे सजीवांच्या अंगात सहज मुरणाऱ्या रूपात, रूपांतर करतात. तो किड्यांतून लहान माशांत आणि त्यांच्यातून मोठ्या माशांत वाढत जातो. म्हणून आज सांडपाणी बंद केलं तरी जुना गाळ उकरला की त्यातला धातू पुन्हा वर येतो.

जमिनीची गोष्ट याच नाल्यांशी जोडलेली. रेल्वेनं ‘ग्रो मोअर फूड’ योजनेत रुळांलगतची जागा भाजीसाठी दिली आणि पालक, माठ, मुळा नाल्याच्या पाण्यावर वाढू लागला. पालक कॅडमियम पटकन ओढतो, खारट मातीत तर जास्तच. वर रस्त्यावरच्या पेट्रोलमधलं शिसं होतंच. ते देशभर थांबलं २००० साली. पानावर बसलेली धूळ नीट धुतली की जाते, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा, तीस-तीस वर्षं राहतं. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून पोटातल्या बाळाकडे जातं. लहान मूल गिळलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शोषून घेतं, पोटात लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल आजारी दिसत नाही; शिकलेलं लक्षात राहत नाही, अंगात रक्त कमी राहतं, आणि घरचे म्हणतात पोर जरा मंद आहे. हे वाक्य आमच्या आळीत मी फार वेळा ऐकलंय.

ठाणे खाडी २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. तिथले फ्लेमिंगो मोजले जातात, त्याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच गाळातली मासळी खाणाऱ्या गावांतल्या गरोदर बायांचं आणि अंगणवाडीतल्या पोरांचं रक्त शिशासाठी नेमानं तपासलं जावं, एवढंच मागणं आहे. त्याला लागतो फक्त रक्ताचा एक नमुना.