पाण्याला अरुंद वाट आवडते

शिमगा सरला की आमच्या वाडीत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक काजूच्या बोंडांचा आणि दुसरा जळत्या पातेऱ्याचा, म्हणजे झडलेल्या वाळक्या पानांचा. तिन्हीसांजेला प्रत्येक खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला एकेक धुमी पेटलेली असते. आमची काकीही फणसाखालचा, आंब्याखालचा, माडाच्या आळ्यातला सगळा पातेरा झाडून गोळा करते, त्याला काडी लावते आणि मग उघड्या पडलेल्या आळ्यांत नळी सोडते. दुसऱ्या दिवशी दुपारी आळं पुन्हा पांढरं पडलेलं असतं. परवा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाबा रे, एवढा पाणी जाता खंय?”

प्रश्न साधा नव्हता. त्याच दिवशी पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोगऱ्याची कुंडी बदलताना तळाशी चांगला जाड खड्यांचा थर द्या, म्हणजे ‘निचरा उत्तम होतो’, असं एक गृहस्थ हसतमुखानं सांगत होते. त्याला लाखांत पसंती होती. मला गंमत वाटली ती अशी, की काकीची चूक आणि त्या गृहस्थांची चूक ही मुळात एकच आहे. पाणी मातीत कसं चालतं हे दोघांनीही गृहीत धरलंय, आणि दोघांचंही गृहीतक उलटं आहे. जिथं भरड थर नको तिथं आपण तो घालतो, आणि जिथं हवा तिथला झाडून जाळतो.

फाल्गुन-चैत्रातली बाकीची कामं तुम्हाला माहीत आहेतच. मोगऱ्याची छाटणी एव्हाना झालेली असते, जास्वंदीच्या वाढलेल्या फांद्या काढायच्या असतात, लाल माठ आणि भेंडीचं बी टाकायचं असतं, पावसात फुटलेली आळी बांधायची असतात. छाटल्यावर फांदीला दोन फुटवे का येतात यावर लिहायला बसलो तर शेंड्यातल्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकावरच लेख संपेल, तेव्हा ते पुन्हा कधीतरी. आज फक्त पाणी.

शाळेत काचेची बारीक नळी पाण्यात उभी धरून पाहिलेली आठवते? नळीत पाणी आपोआप वर चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. पाण्याला काच धरून ठेवते, पृष्ठताण पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरतो, आणि पाण्याचा स्तंभ वर खेचला जातो. किती वर, ते नळीच्या व्यासावर ठरतं. व्यास १ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं. व्यास दहावा हिस्सा केला, म्हणजे ०.१ मिलिमीटर, तर ३० सेंटिमीटर. आणखी दहापट बारीक केला तर हिशेबानं ३ मीटर! नळी जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त.

माती म्हणजे अशाच अगणित वाकड्यातिकड्या नळ्या. कणांच्या मधल्या फटी हेच त्यांचं अंतरंग. मातीतलं पाणी तळाशी साचलेलं नसतं, ते या फटींनी ओढून धरलेलं असतं. १९०७ साली एडगर बकिंगहॅम या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं ही ओढ मोजण्याजोगी राशी म्हणून मांडली आणि मृदा-भौतिकी नावाच्या शाखेला पाय मिळाले. मातीतलं पाणी कमी ओढीकडून जास्त ओढीकडे जातं, हा त्याचा गाभा. सोप्या भाषेत, रुंद फटीतलं पाणी अरुंद फटीत आनंदानं शिरतं. उलटं मात्र होत नाही, अरुंद फटीतलं पाणी रुंद फटीत आपणहून जायला तयार नसतं.

आता कुंडीच्या तळाचे खडे घ्या, किंवा आपल्याकडे घालतात तसे फुटक्या कौलाचे तुकडे. त्यांच्यामधल्या फटी समजा ५ मिलिमीटरच्या. त्यांची ओढ जेमतेम ६ मिलिमीटर उंचीइतकी. वरच्या मातीतल्या ०.१ मिलिमीटरच्या फटींची ओढ ३० सेंटिमीटरची. ही माती आपलं पाणी त्या खड्यांना का देईल? वरून पाणी घातलं की ते उतरत येतं, खड्यांच्या सीमेशी पोचतं आणि थबकतं. सीमेलगतची माती पुरती भरून तुंबेपर्यंत थेंबही खाली पडत नाही. १९५९ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात वॉल्टर गार्डनर यांनी दोन काचांच्या मध्ये मातीचे थर रचून हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. पाण्याची ओली कड भरड थराशी येते, थांबते आणि चक्क आडवी पसरू लागते.

हे घरी पाहायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, आयताकृती. बादलीत पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. पाणी निथळेल आणि थांबेल. थेंब पडायचा बंद झाला की, न पिळता, तोच स्पंज अरुंद कडेवर उभा करा. पुन्हा धार लागते! स्पंज तोच, पाणी तेच, फटी त्याच. बदलली ती फक्त उंची. तळाशी तुंबलेल्या थराची जाडी फटींवर ठरते, म्हणून ती आडव्यात आणि उभ्यात सारखीच राहते. आडवा असताना हा थर स्पंजाचा बराचसा भाग व्यापतो, उभा केल्यावर थोडाच.

कुंडीचा हिशेबही हाच. ३० सेंटिमीटर मातीची कुंडी आहे आणि त्या मातीत तळाशी ८ सेंटिमीटर पाणी तुंबून राहतं असं समजा. मुळांना हवा मिळते ती वरच्या २२ सेंटिमीटरमध्ये. आता तळाशी ७ सेंटिमीटर खडे घाला. माती उरली २३. तुंबलेले ८ कुठेही जात नाहीत, ते फक्त खड्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. हवेशीर माती उरली १५. निचरा वाढवायला निघालो आणि चिखल मुळांच्या जवळ आणून ठेवला.

हे मी पुस्तकातून शिकलो, पण पटलं ते अनंताचं एक चांगलं झाड घालवल्यावर. दोन वर्षं जपलेलं. कुंडी पालथी केली तेव्हा वरची माती भुसभुशीत, खालच्या मुळांना नासका वास, आणि त्याखाली कौलाचे तुकडे अगदी निरागस पडलेले. भोकातून माती वाहू नये म्हणून एकच तुकडा किंवा मूठभर सोडणाचा (नारळाच्या सालीचा) चोथा पुरतो. निचरा हवा असेल तर सगळी मातीच भरड करा, किंवा कुंडी उंच घ्या.

आता काकीच्या आळ्याकडे. इथं ओढीची दिशा वर आहे. ऊन मातीच्या पृष्ठभागावरचं पाणी उडवतं, पृष्ठभागाच्या बारीक फटींची ओढ वाढते आणि त्या खालचं पाणी दिव्याच्या वातीसारखं वर खेचतात. वात चालू आहे तोवर बाष्पीभवन हवामान ठरवेल त्या वेगानं होतं, मातीचा त्यात शब्द चालत नाही. उन्हात उघडं पडलेलं ओलं आळं एप्रिलात दिवसाला ४ मिलिमीटर पाणी सहज गमावतं. १ मीटर त्रिज्येच्या आळ्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे ३ चौरस मीटर, म्हणजे १२ लिटर, रोज, एकाही मुळाला न शिवता. १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट ऊर्जा लागते. म्हणजे काकीच्या एका माडाखाली सूर्य रोज ८ युनिटं खर्च करतो, आणि बिल विहिरीला येतं.

वात तुटते ती वरचा थर पुरता कोरडा पडला की. रुंद फटी आधी रिकाम्या होतात, मग पाण्याचे धागे बारीक होत होत तुटतात. त्यानंतर खालच्या ओलीला वाफ होऊनच त्या कोरड्या थरातून वाट काढावी लागते, आणि वेग एकदम खाली येतो. बकिंगहॅमला यात एक विलक्षण गोष्ट आढळली होती. कोरड्या, गरम हवेत ठेवलेल्या मातीतून सुरुवातीला पाणी जास्त उडतं, पण तिच्यावर कोरडा थर चटकन बसतो. दमट हवेतली माती हळूहळू, पण न थांबता वाळत राहते आणि शेवटी एकूण पाणी तीच जास्त गमावते. आता कोकणातली घामट हवा आठवा. घाटावरची माती स्वतःवर झाकण घालून घेते, आपली माती ते करायला वेळ लावते. त्यात आपण रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी शिंपडून वात पुन्हा पेटवून देतो. रोजच्या अर्ध्या बादलीपेक्षा चार दिवसांनी दोन बादल्या बऱ्या, त्या याच कारणानं. कुंड्यांना हा नियम लावू नका, त्यांच्याकडे साठाच नसतो.

घाटावरचे कोरडवाहू शेतकरी कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात, ते हेच. कोळप्याची पात वरची बोटभर माती मोकळी करते आणि वात कापते. पातेरा तेच काम माती न हलवता करतो. पानापानांमधल्या फटी इतक्या मोठ्या, की मातीची वात त्यांच्यात चढूच शकत नाही. वर सावली मिळते, वारा अडतो. कुंडीच्या तळाशी जो भरड थर पाण्याला अडवून झाडाचा जीव घेत होता, तोच वर ठेवला की पाण्याला अडवूनच झाड जगवतो.

जाळण्याच्या बाजूनं सांगतात की राख हे खत आहे. आहे, पण अर्धवट. पोटॅश राखेत उरतं, नत्र धुराबरोबर जातं. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, जमीन भाजून भाजवळ करतात त्याचा हेतू वेगळा, तिथं तणाचं बीही मारायचं असतं. माडाच्या आळ्यात त्याचं काय काम?

आणि विहिरीत तळ दिसू लागला की हातावर नारळ धरून पाणाड्या येतो, तेही सांगूनच टाकतो. नारळ उभा राहतो तो हाताच्या नकळत झालेल्या हालचालींनी. जर्मनीत कासेल इथं १९९० साली पाणाड्यांची रीतसर कसोटी घेतली, जमिनीखालच्या नळातून पाणी वाहतंय की नाही एवढंच ओळखायचं होतं. निकाल नाणं उडवून मिळावा तसाच आला. पाणाड्याला द्यायच्या पैशात पेंढ्याचे बरेच भारे येतात.

पातेरा घालायचा तो चार बोटं जाड, खोडापासून एक वीत लांब, कारण आपल्या जांभ्या मातीत वाळवीला आमंत्रण लागत नाही. सोडणं मांडायची तर पालथी. उताणी ठेवलीत तर वळवाच्या पहिल्या सरीला प्रत्येकात डासांचं पाळणाघर तयार. पातेऱ्यात जनावर, म्हणजे साप, बसतं ही काकीची भीती खोटी नाही, म्हणून खळं झाडलेलंच ठेवावं आणि पातेरा घरापासून लांबच्या आळ्यांत न्यावा. फणसाची, काजूची पानं चालतात. आंब्याची कुजायला वेळ घेतात, पण इथं आपल्याला तेच हवंय.

काकीनं पंधरा दिवस करून पाहिलं. एका माडाला पातेरा, शेजारच्याला नाही. काल दुपारी पायानं पातेरा सारून तिनं माती चिमटीत घेतली, गोळी वळून पाहिली. गोळी झाली. शेजारच्या आळ्यात हातातून धूळ गळली. मला वाटलं आता कौतुक होणार. ती म्हणाली, “ता सगळा बरा. पण धूर नाय तर डास कशान जातले?”