न्यू जर्सीत मतदार नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे अडतो

पहिली अट अमेरिकन नागरिकत्वाची. ग्रीन कार्ड असलं, वीस वर्षं कर भरला, एडिसनमध्ये स्वतःचं घर असलं, तरी नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत नोंदणी करायची नाही. गोष्ट इथेच सगळ्यात जास्त बिघडते. मोटर व्हेईकल कमिशनच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डीएमव्हीच्या, कार्यालयात लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीही होते. नको असेल तर तसं सांगावं लागतं. घाईत ‘मी नागरिक आहे’ यावर खूण केली, तर पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का?’ हा प्रश्न समोर येतो. खोटा दावा ठरला तर नागरिकत्व बाजूलाच, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. एच-१बी व्हिसावाल्यांनी आणि ग्रीन कार्डवाल्यांनी त्या कार्यालयातल्या पडद्यावरचा तो प्रश्न शब्दन्‌शब्द वाचावा.

बाकीच्या अटी सोप्या. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं. नोंदणी मात्र १७ व्या वर्षीच करता येते. त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, किमान ३० दिवसांचं वास्तव्य हवं. गंभीर गुन्ह्यासाठी तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्याला मत नाही, पण पॅरोल किंवा प्रोबेशनवर असलेल्यांना २०२० पासून तो हक्क परत मिळाला आहे.

अर्ज ऑनलाइन किंवा कागदावर, निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी ही मुदत १३ ऑक्टोबर. कागदपत्रांची थप्पी लागत नाही: न्यू जर्सीचा लायसन्स क्रमांक, नाहीतर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक. लायसन्स नसेल तर ऑनलाइन अर्जात पडद्यावर सही करावी लागते किंवा सहीचा फोटो चढवावा लागतो. दोन्हींपैकी एकही क्रमांक न देता टपालाने पहिल्यांदाच नोंदणी केली, तर मतदानाच्या वेळी ओळखपत्र किंवा नाव-पत्ता असलेलं चालू वीजबिल, बँक स्टेटमेंट असं काही दाखवावं लागतं. नाव लायसन्सवर आहे तसंच लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे मधल्या नावात, कुठे फक्त आद्याक्षर, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो, आणि नोंदी जुळवताना तोच नडतो.

सहीबाबत थोडं सविस्तर. मतदान केंद्रावर आणि टपाली मतपत्रिकेवर तुमची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. एका ठिकाणी देवनागरीत झोकदार सही आणि दुसरीकडे इंग्रजी आद्याक्षरं, असं केलंत तर टपाली मत अडकतं. सही दुरुस्त करण्यासाठी काउंटीकडून पत्र येतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका, उत्तराला दिवस थोडे असतात. टपाली मताच्या आतल्या लिफाफ्याला जोडलेलं प्रमाणपत्र फाडून वेगळं करायचं नाही, त्यावर सही करून ते तसंच ठेवायचं.

टपाली मतपत्रिका मतदान केंद्रावर घेत नाहीत. ती काउंटीने ठेवलेल्या ड्रॉप बॉक्समध्ये मतदानाच्या दिवशी रात्री ८ पूर्वी टाका किंवा टपालाने पाठवा. शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा. आणि एकदा टपाली मत मागितलं की मशीनवर मत देता येत नाही. केंद्रावर गेलात तर प्रोव्हिजनल मतपत्रिका हातात पडते, तिची मोजणी पडताळणीनंतर होते.

लवकर मतदान २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, प्रत्यक्ष दिवशी केंद्रं सकाळी ६ ते रात्री ८. घर बदललं असेल तर काउंटी तीच आहे का, ते आधी पाहा. तीच असेल तर पत्ता बदलायचा राहिला तरी नव्या पत्त्याच्या केंद्रावर प्रोव्हिजनल मत देता येतं. वेगळी असेल तर नव्याने नोंदणी, तीही निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंतच.

मिडलसेक्स काउंटीत गुजरातीतून मतपत्रिका मिळते, मराठीतून नाही. इंग्रजी वाचता न येणाऱ्या नागरिक आई-वडिलांसोबत त्यांनी निवडलेली व्यक्ती आत जाऊ शकते. फक्त ती त्यांची मालक किंवा युनियनची प्रतिनिधी नको.

जूनच्या प्राथमिक निवडणुकीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचं, गणित वेगळं. तिथे पक्ष सांगावा लागतो. पक्ष बदलायचा तर अर्ज ५५ दिवस आधी, मात्र कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्याला केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येतं.