वारा, थर आणि खारेपणा: फियॉर्डपासून ठाणे खाडीपर्यंत

वारा सुटला की पाणी गार पडतं, ही समजूत अर्धीच खरी. वारा पाण्याचे थर जागचे हलवतो; तापमान आणि खारेपणा बदलतो तो बऱ्याचदा त्यामुळे. याचा पहिला धागा हाती लागला तो आर्क्टिकच्या बर्फात. 1893 मध्ये नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवायला निघाला. बर्फ वाऱ्यामागे सरळ न जाता 20 ते 40 अंश उजवीकडे सरकतो, हे त्याने टिपलं. कारण पृथ्वीचं फिरणं, हे त्यानेच ताडलं. गणित मांडलं स्वीडनच्या वाल्फ्रिड एकमनने, 1902 ते 1905 च्या दरम्यान.

नॉर्वेच्या फियॉर्डांत, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद, खोल खाड्यांत, पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकण्याचा हा परिणाम ठळक दिसतो. सोग्ने फियॉर्ड 200 किलोमीटरहून लांब, सुमारे 1300 मीटर खोल, आणि तोंडाशी पाण्याखालचा उंबरठा. वर नद्यांचं हलकं पाणी, खाली जड खारं. किनाऱ्याला उत्तरेचा वारा टिकला की वरचं पाणी उजवीकडे, खुल्या समुद्रात जातं. खालचं थंड, खारं पाणी वर येऊन उंबरठा ओलांडतं. दक्षिणेचा वारा याच्या उलट, किनाऱ्याचं कमी खारं पाणी आत रेटतो. आत पान हलत नसतानाही बाहेरचा वारा आतलं पाणी बदलतो! या विषयातली खरी गंमत मला इथेच वाटते.

ठाणे खाडी फियॉर्ड नव्हे. ते हिमनद्यांनी कोरलेले. ही उथळ, गाळाची. ओहोटीला वाशीच्या पुलावरून खाली पाहा, काठाला चिखलच चिखल. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि सगळं घुसळून निघतं. थर टिकणार कसे?

इथे वाऱ्याची किंमत कळली ती मिठागरांत. भांडुप-मुलुंडकडच्या आगरांत भरतीचं पाणी घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवायचं. ऊन आणि कोरडा वारा मिळून ते साधारण दहाव्या हिश्श्यावर आणतात, तेव्हा कुठे मीठ धरतं. हवा दमट झाली की काम रखडलंच.

पावसाळ्यात नाल्यांचं गोडं पाणी उतरतं आणि खारेपणा घटतो. त्यात भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढउताराची भरती असेल तर घुसळण मंदावते. गोडं वर, खारं खाली अशी विभागणी काही काळ राहू शकते. जोराचा नैर्ऋत्य वारा आला की उथळ पाण्यात तीही मोडते. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेल्या या खाडीचं पाणी मोजताना म्हणूनच आकड्याशेजारी तिथी, भरतीची वेळ आणि वारा लिहावा लागतो. नाहीतर अष्टमीचा आकडा अमावस्येच्या आकड्याशी ताडला जातो.