पार्श्वभूमी : ॲस्पिरिन, ब्लॉकेज आणि मुदतीआधी थांबलेली चाचणी

ॲस्पिरिनचा इतिहास सांगताना वाळुंजाच्या कुळातल्या झाडांच्या सालीपासून सुरुवात करायची पद्धत आहे. धमन्यांच्या प्रश्नापुरती ती साल बाजूला ठेवलेली बरी. सालीतलं सॅलिसिन ताप उतरवतं, ठणका कमी करतं. प्लेटलेटला, म्हणजे रक्ताची गुठळी धरणाऱ्या सूक्ष्म पेशीकणाला, कायमचं निकामी करतो तो ॲस्पिरिनमधला ॲसिटिल गट, आणि साध्या सॅलिसिलेटमध्ये तो नसतोच. हा गट प्लेटलेटमधल्या एका विकराला जाऊन चिकटतो, मग थ्रॉम्बॉक्सेन हे गुठळी धरायला लावणारं रसायन तयार होत नाही. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवं विकर घडवता येत नाही. तिचं आठ-दहा दिवसांचं आयुष्य तसंच संपतं. एवढीशी गोळी दिवसातून एकदाच घेऊन भागतं ते यामुळे. हे सगळं १९७०च्या दशकात उलगडलं. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे आपल्याकडचं नाव तेव्हाही चुकीचं होतं आणि आजही आहे. रक्त पातळ होत नाही, आणि साचलेलं ब्लॉकेज विरघळतही नाही. ब्लॉकेजचा पापुद्रा फाटला की त्यावर गुठळी धरते, ती धरण्याचा संभव तेवढा कमी होतो.

त्याआधी कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावच्या एका फॅमिली डॉक्टरला टॉन्सिल काढलेल्या रुग्णांमध्ये एक गोष्ट खटकली होती : ॲस्पिरिनचं च्युइंगगम चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो. त्यावरून त्याने शेकडो, पुढे हजारो पुरुषांना ॲस्पिरिन सुरू केलं आणि १९५६ मध्ये लिहिलं की यातल्या कुणालाही हार्ट अटॅक आला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्याच वर्षी तो स्वतः हृदयविकाराने गेला. १९७४ मध्ये वेल्समध्ये अटॅक येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांवर पहिली रीतसर चाचणी झाली. कल फायद्याकडे होता, पण आकडे निर्णायक नव्हते. १९८० मध्ये साडेचार हजार रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत तर मृत्यू कमी झालेच नाहीत.

मग आलं १९८८. त्या एका वर्षात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आली आणि लोकांच्या डोक्यात ती एकच झाली.

पहिला प्रश्न : अटॅक चालू असताना गोळी द्यावी का? १७,१८७ रुग्ण, १६ देश. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. यावर वाद उरला नाही. (उपगटांचे आकडे छापा असा आग्रह झाल्यावर संशोधकांनी सूर्यराशीनुसारही आकडे छापले. मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन लागू पडत नाही असं त्यातून निघालं. लहान उपगटांवर किती विसंबायचं ते यावरून कळावं.)

दुसरा प्रश्न : ज्याला कधीच काही झालं नाही त्याने घ्यावी का? अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी यासाठी एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेतली. डिसेंबर १९८७ मध्ये देखरेख समितीने ॲस्पिरिनचा भाग मुदतीआधी थांबवायला सांगितलं. घाई कशाला केली, हा प्रश्न तेव्हापासून आहे. अटॅक ४४ टक्क्यांनी घटले होते हे खरं : अंतिम आकडे ॲस्पिरिनच्या गटात १३९ विरुद्ध दिखाऊ गोळीच्या गटात २३९. पण हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू ८१ विरुद्ध ८३, म्हणजे जवळपास सारखेच. आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचे झटके २३ विरुद्ध १२. समितीची बाजूही समजून घ्यायला हवी. हे डॉक्टर इतके निरोगी निघाले की मृत्यूंचा फरक ठरवायला सन २००० उजाडलं असतं, आणि अटॅक आलेल्या बहुतेकांना त्यानंतर ॲस्पिरिन सुरू झालंच होतं. तोवर बाकीच्यांना दिखाऊ गोळी देत राहायचं का? तरीही चाचणी थांबली आणि मृत्यूचा प्रश्न अर्धवट राहिला तो राहिलाच. बातमी झाली ती ‘४४ टक्के’ची. अकरा-अकरा हजारांच्या दोन गटांत पाच वर्षांत शंभर अटॅकांचा फरक, असं सांगितलं असतं तर कदाचित इतक्या उशांजवळ ती बाटली गेली नसती. त्याच आठवड्यात ५,१३९ ब्रिटिश डॉक्टरांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही, हे मागेच पडलं. बायका तर दोन्हीकडे नव्हत्या. त्यांच्यावरची मोठी चाचणी २००५ मध्ये आली आणि तिथे पक्षाघात कमी झाले, अटॅक एकूणात नाहीत.

२०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्या आल्या, तोवर स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं, रक्तदाबाची औषधं आणि घटलेलं धूम्रपान यांनी जमीनच बदलली होती. मधुमेहींमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आल्या, तर मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांमध्ये फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

अटॅक, स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना यातलं काही लागू नाही. त्यांची गोळी चालूच राहते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या शिफारशी बदलल्या : आजार नसलेल्यांनी साठीनंतर नव्याने सुरू करू नये, चाळीस ते एकोणसाठ वयात धोका पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आधीपासून घेणाऱ्यांनी पंचाहत्तरीच्या आसपास थांबवण्याचा विचार करायला हरकत नाही, असंही त्यात आहे.